प्लेटिंग लाइनवर नवीन लागताय? करंट द्यायच्या आधीचं काम शिका

कोल्हापूरची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी असो नाहीतर गावातलं शिवाजी उद्यमनगर, फाउंड्री आणि मशिनशॉप जिथं आहे तिथं आसपास प्लेटिंगवाला, म्हणजे विजेच्या मदतीनं मालावर दुसऱ्या धातूचा थर चढवणारा, असतोच. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं, टर्निंग-ड्रिलिंग झालं, की माल गंजू नये म्हणून झिंक (जस्त) मारायला जातो. ट्रॉलीच्या जॅकचा रॉड हार्ड क्रोमला जातो, नट-बोल्ट बॅरलमध्ये, म्हणजे टाकीत फिरणाऱ्या पिंपात, जातात. तिकडं हुपरीत चांदीचं आणि गुजरीत सोन्याच्या पाण्याचं काम चालतं, तेही याच विद्येचं लहान भावंड.

या लाइनवर ऑपरेटर म्हणून नवीन लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बटण दाबलं, माल टाकीत गेला, चकचकीत होऊन वर आला, संपलं. बटणाचं काम दोन दिवसांत येतं. प्लेटिंग बिघडतं ते करंटच्या टाकीत क्वचित. ते बिघडतं त्याआधीच्या सात-आठ टाक्यांमध्ये आणि दिसतं मात्र शेवटी. म्हणून या लेखात धुण्या-पुसण्यावर जास्त बोलणार आहे, कंटाळा करू नका.

आत कसं शिरायचं

आयटीआयमध्ये इलेक्ट्रोप्लेटर नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावी पास लागतं. तो मिळाला तर उत्तमच. पण लाइनवर उभे असलेले निम्मे लोक फिटर, मशिनिस्ट किंवा नुसते बारावी असतात आणि काम हाताखाली शिकलेले असतात. बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांना लॅबमध्ये घेतात. अप्रेंटिस म्हणून लागायचं असेल तर केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा आणि कंपनीची नोंदणी तिथं आहे का तेही बघा. वय १८ पूर्ण हवं, यात तडजोड नको. हे घातक रसायनांचं काम आहे.

मुलाखतीत पगार विचाराच, पण त्याच दमात अजून चार गोष्टी विचारा: पीएफ-ईएसआय कंपनीच्या नावावर आहे की ठेकेदाराच्या, हातमोजे-बूट-गॉगल कंपनी देते का, टाक्यांवर धूर ओढणारे डक्ट चालू आहेत का, आणि लाइनवर सायनाइड वापरतात का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा चाचरला, तर एकदा शॉपमध्ये फेरी मारू द्या म्हणा. आत गेल्यावर नाक-डोळे झोंबले आणि जमिनीवर हिरवं-पिवळं पाणी साचलेलं दिसलं, तर दुसरीकडं बघा. दोन हजार जास्त मिळतात म्हणून तिथं थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीत काय चाललंय ते आधी समजून घ्या

रेक्टिफायर एसी वीज घेऊन कमी व्होल्टेजची डीसी देतो. व्होल्ट साधारण ६ ते १२, पण अँपिअर शेकड्यांत, मोठ्या लाइनवर हजारांत. ऋण टोक जॉबला (ज्याच्यावर थर चढवायचा त्या वस्तूला), धन टोक अॅनोडला (टाकीत टांगलेल्या धातूच्या तुकड्यांना). झिंकच्या टाकीत अॅनोड जस्ताचे, निकेलच्या टाकीत निकेलचे. अॅनोड विरघळतो, धातू द्रावणात येतो आणि जॉबवर बसतो. हार्ड क्रोमचं वेगळं आहे. तिथं अॅनोड शिशाच्या मिश्रधातूचे असतात, ते विरघळत नाहीत, क्रोम येतं ते टाकीतल्या क्रोमिक अॅसिडमधूनच. म्हणून क्रोमच्या टाकीत अॅसिडची भर घालत राहावी लागते.

थर किती बसला हे अंदाजाचं काम नाही, हिशेबाचं आहे. झिंकच्या टाकीत दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर दिला तर पूर्ण कार्यक्षमतेने तासाला सुमारे १७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसतात, निकेलला सुमारे १२. समजा १० बाय १० सेंटीमीटरची प्लेट आहे. दोन्ही बाजू धरून २ चौरस डेसिमीटर. जिगवर, म्हणजे जॉब टांगायच्या हुकांच्या चौकटीवर, ४० प्लेट्स, म्हणजे ८० चौरस डेसिमीटर. दर चौरस डेसिमीटरला २ अँपिअर द्यायचे, तर रेक्टिफायरवर १६० अँपिअर. १० मायक्रॉन हवे असतील तर अॅसिड झिंकला अठरा-एकोणीस मिनिटं. हा हिशेब खिशातल्या वहीत मांडायला शिकलात की सुपरवायझर तुम्हाला वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

लाइनवरचे जुने मामा नवीन पोराला पहिल्याच दिवशी सांगतात, "आरं, व्होल्टाकडं बघत बसू नगंस, अँपिअर बघ." बरोबर आहे. थर अँपिअरवर बसतो. व्होल्ट तेवढाच ठेवून अँपिअर उतरले, तर कुठंतरी कॉन्टॅक्ट सुटलाय, अॅनोड संपलेत किंवा बसबार (करंट आणणारी धातूची पट्टी) काळा पडलाय असं समजायचं आणि शोधायला लागायचं.

जिगिंग: पहिला महिना इथंच जाणार

नवीन माणसाला आधी जिग भरायला बसवतात. कोल्हापुरात बऱ्याच शॉपमध्ये या टेबलावर बायका असतात आणि त्यांचा हात बघण्यासारखा चालतो. त्यांच्याकडून शिका. हलकं काम म्हणून बघू नका, कारण निम्मं रिजेक्शन इथंच जन्माला येतं.

जॉब हुकावर घट्ट बसला पाहिजे. हलता कॉन्टॅक्ट म्हणजे ठिणगी, आणि ठिणगी म्हणजे जळका डाग. दिशाही बघा. आंधळं भोक, म्हणजे आरपार न गेलेलं, तोंड खाली करून टांगलं तर आत हवा अडकते आणि तिथं थर बसत नाही. सरळ वर करून टांगलं तर ते वाटीसारखं भरून घेतं आणि अॅसिड पुढच्या टाकीत, पुढच्याचं त्याच्या पुढच्या टाकीत ओढत नेतं. तिरकं टांगायचं, म्हणजे हवा निघते आणि पाणीही निथळतं. जिगच्या काठावरच्या जॉबला करंट जास्त मिळतो, मधल्यांना कमी, म्हणून टोकदार जॉब काठाला लावू नयेत.

जिगचा प्लास्टिकचा लेप फाटलेला असेल तर जिग बाजूला काढा. त्या फटीत अॅसिड शिरतं आणि पार पॅसिव्हेशनपर्यंत (झिंकनंतरच्या रंगाच्या रासायनिक टाकीपर्यंत) झिरपत जातं.

बॅरलमध्ये टांगायची भानगड नाही, पण भरायचं प्रमाण आहे. अर्ध्याच्या आसपास भरा. गच्च भरलं तर माल उलटत-पालटत नाही. फार कमी भरलं तर आतल्या डँगलरचा (मालाला करंट देणाऱ्या लोंबत्या वायरीचा) कॉन्टॅक्ट धड लागत नाही आणि माल आपटून दातरे खराब होतात. सपाट वॉशर एकमेकांना चिकटतात, ते गोल मालात मिसळून टाकायची युक्ती जुनी आहे. बॅरलला करंटची घनता कमी ठेवतात, त्यामुळं जिगवर वीस मिनिटांत होणारं काम तिथं पाऊण तास-तासभर घेतं.

धुलाई

आता मुख्य गोष्ट. झिंकच्या लाइनचा साधारण क्रम असा असतो: गरम डिग्रीझिंग (६० ते ७० अंश, ५ ते १० मिनिटं), पाणी, हायड्रोक्लोरिक अॅसिडचं पिकलिंग, पाणी, करंट देऊन इलेक्ट्रोक्लीनिंग (मिनिट-दोन मिनिटं), पाणी, हलकं अॅसिड, पाणी, आणि मग झिंक. तेल काढायचं, गंज काढायचा, मग गंज काढताना उरलेली काळी साय काढायची, शेवटी पृष्ठभाग जागा करायचा. क्रम पाठ करून उपयोग नाही. प्रत्येक टाकी काय काढते ते कळलं, तर कुठली टाकी थकलीय हे तुम्हाला जॉबवरून ओळखता येईल.

तेल गेलं की नाही हे कसं बघायचं? जॉब स्वच्छ पाण्यातून वर काढा आणि उभा धरा. पाण्याची साय अखंड राहिली, अर्ध्या मिनिटात कुठं फाटली नाही, तर स्वच्छ. पाणी थेंब-थेंब होऊन मागं सरकलं, गोल बेटं दिसायला लागली, तर तिथं तेल आहे. माघारी पाठवा. यंत्र नको, केमिस्ट नको, आणि तरी ही चाचणी न करता माल पुढं ढकलणारे खूप आहेत. तेलावर झिंक बसल्यासारखं दिसतं, गिऱ्हाइकाकडं जाऊन पापुद्रा सुटतो.

इलेक्ट्रोक्लीनिंगला जॉब शेवटी धन टोकाला असावा. त्या वेळी जॉबवर ऑक्सिजन सुटतो, काळी साय निघते आणि द्रावणातल्या इतर धातूंची घाण जॉबवर बसत नाही. हे लोखंडासाठी. पितळ किंवा जस्ताच्या डायकास्टिंगला असं मनाने करू नका, पृष्ठभाग खाल्ला जातो.

पिकलिंगमध्ये वेळ म्हणजे वेळ. गंज निघाला की बाहेर. "राहू दे की अजून पाच मिनटं" हे वाक्य फार माल खाऊन बसलंय.

आणि इथंच आपल्या गावाच्या मालाची खरी अडचण येते. बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात असतो. अॅसिडमध्ये जास्त वेळ राहिलं की वरचं लोखंड विरघळतं आणि ग्रॅफाइट उघडं पडून काळी बुकटी उरते. बोट फिरवलं की बोट काळं. त्यावर अल्कली किंवा सायनाइड झिंकच्या टाकीत थर धरतच नाही. ग्रॅफाइटवर हायड्रोजन सहज सुटतो, सगळा करंट बुडबुड्यांत जातो, जस्त बसत नाही. म्हणून बिडाच्या मालाला अॅसिड क्लोराइड झिंक लावतात. त्या बाथची कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या वर असते आणि बीड त्यात झाकलं जातं. "हीच टाकी का?" असं नवीन पोरानं विचारलं तर हे सांगता आलं पाहिजे.

दुसरी अडचण बारीक छिद्रांची. कास्टिंगच्या छिद्रांत अॅसिड जाऊन बसतं. माल चकचकीत होऊन पेटीत भरला जातो आणि आठवड्यानं त्यावर पांढरे ठिपके उमटतात. उपाय टाकीत नाही, धुण्यात आहे. थंड पाणी, मग कोमट पाणी, नीट निथळणं आणि पूर्ण सुकवणं. तिसरी अडचण वाळूची. शॉट ब्लास्टिंग नीट झालं नसेल तर कोपऱ्यात साच्याची वाळू जळून चिकटलेली असते. ती हायड्रोक्लोरिक अॅसिडला दाद देत नाही. असा माल उतरवून घेतानाच चलनावर तसं लिहा आणि फाउंड्रीला कळवा. काही ठिकाणी वाळू काढायला हायड्रोफ्लुओरिक अॅसिड वापरतात, त्याबद्दल पुढं वेगळं सांगतो.

पाण्याच्या टाक्या या नुसत्या मध्ये आलेल्या टाक्या नव्हेत. जिग वर आला की टाकीवरच दहा-पंधरा सेकंद निथळू द्या. ते द्रावण पुढं गेलं तर तीन ठिकाणी तोटा: महाग रसायन गेलं, पुढची टाकी बिघडली, सांडपाणी वाढलं. दोन-तीन पाण्याच्या टाक्या ओळीनं असतील तर ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडतात आणि ते उलट्या दिशेनं पहिल्या टाकीकडं येतं. माल पुढं, पाणी मागं. नळ पहिल्या टाकीत सोडलेला दिसला तर विचारा का ते.

पावसाळ्यात जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा ओली. उघड्या टेम्पोतून आलेला माल गंज घेऊनच येतो, आणि पिकलिंग झालेला जॉब जेवणाच्या सुट्टीत लटकत राहिला तर परत पिवळा पडतो. सुट्टीच्या आधी लाइन रिकामी करा किंवा जॉब पाण्याखाली ठेवा.

करंटची टाकी आणि तिची तब्येत

अॅसिड झिंकच्या टाकीत जस्ताचं क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, बोरिक अॅसिड आणि ब्राइटनर असतं. पीएच ५ ते साडेपाचच्या आसपास ठेवतात, तापमान खोलीच्या आसपास. निकेलचा बाथ गरम असतो, ५० ते ६० अंश, पीएच ४ च्या आसपास. तुमच्या शॉपचे आकडे रसायन देणाऱ्या कंपनीच्या तक्त्यावर असतात. तो तक्ता भिंतीवर नसेल तर मागून घ्या.

बोरिक अॅसिड कमी पडलं की टोकं जळतात. ब्राइटनर जास्त झालं की थर ठिसूळ होतो आणि पॅसिव्हेशननंतर धुरकट दिसतो. चमक कमी दिसली की ब्राइटनरचा मग ओतायची सवय वाईट आहे. आधी तापमान, पीएच, अॅनोड, धुलाई बघा. अॅसिड झिंकमध्ये टाकीत पडलेले लोखंडी जॉब विरघळत राहतात. लोखंड वाढलं की पॅसिव्हेशननंतर काळपट डाग दिसायला लागतात. मग केमिस्ट हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लोखंड गाळणीवर काढतो. ही वेळ येऊ नये म्हणून पाळी संपताना दांड्याला बांधलेलं चुंबक टाकीच्या तळावरून फिरवतात. चुंबक वर येतं तेव्हा त्याला बोल्ट, वॉशर, कधी एखादा विसरलेला पानाही लटकलेला असतो.

हल सेल हे लॅबचं काम असलं तरी बघायला शिका. २६७ मिलिलिटरचं तिरकं भांडं, त्यात तुमच्याच टाकीतलं द्रावण, एक पत्रा आणि ठरावीक करंट. पत्र्याच्या एका टोकाला करंट जास्त, दुसऱ्याला कमी मिळतो. जास्तीच्या टोकाला जळकं, कमीच्या टोकाला काळपट, मधे धुरकट, असा एकेक पट्टा एकेक दोष सांगतो. केमिस्टशी मैत्री ठेवलीत तर तो आनंदानं दाखवतो. बाकी कुणी विचारतच नाही त्याला.

निकेल-क्रोमबद्दल एक गैरसमज जाता जाता काढतो. शोभेच्या क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आत-बाहेरच असतो. चमक दिसते ती खालच्या निकेलची. क्रोम तिला काळं पडू देत नाही. त्यामुळं "क्रोम निघालं" अशी तक्रार आली की आधी निकेल आणि धुलाई तपासा. हार्ड क्रोम मात्र खरंच जाड असतं. तासाला वीस-पंचवीस मायक्रॉन, तेही चौरस डेसिमीटरला ३० ते ६० अँपिअर दिल्यावर. कार्यक्षमता जेमतेम १० ते २० टक्के, उरलेला करंट हायड्रोजन सोडण्यात जातो. ते बुडबुडे फुटतात आणि क्रोमिक अॅसिडचा बारीक तुषार हवेत उडतो. डक्टशिवाय ही टाकी चालवायचीच नाही.

झिंकनंतर

दोन पाणी, अर्ध्या टक्क्याच्या आतल्या नायट्रिक अॅसिडमध्ये नुसती बुचकळी, मग पॅसिव्हेशन. निळसर, पिवळं, काळं हे रंग इथं येतात. जुनं पिवळं हेक्झाव्हॅलंट क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या जास्त घातक रूपाचं. गाड्यांच्या मालाला आता बहुतेक ट्रायव्हॅलंट (कमी घातक रूप) मागतात. ड्रॉइंगवर काय लिहिलंय ते वाचा. वेळ सेकंदात असते, त्यामुळं इथं गप्पा मारू नका. हेक्झाव्हॅलंट पिवळा थर ओला असताना मऊ असतो, हात लावला की निघतो, आणि साठ-पासष्ट अंशांच्या वर सुकवला तर त्याला बारीक तडे जातात.

१२.९ ग्रेडच्या किंवा तशा जास्त ताकदीच्या बोल्टचा लॉट असेल तर सुपरवायझरला विचारल्याशिवाय पिकलिंगला घालू नका. अॅसिड आणि करंट दोन्हींत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बोल्ट कसल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी अचानक तुटतो. म्हणून असा माल प्लेटिंगनंतर, शक्यतो चार तासांच्या आत, भट्टीत घालतात: १९० ते २२० अंश, कित्येक तास. पॅसिव्हेशन त्यानंतर. "भट्टी भरलीय, उद्या घालू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका आणि रजिस्टरला वेळ लिहा.

तपासणीला जाडी मोजायचं गेज असतं. मिठाच्या फवाऱ्याची चाचणीही असते: ५ टक्के मीठ, ३५ अंश, आणि किती तासांनी पांढरा गंज, किती तासांनी लाल. तास गिऱ्हाईक ठरवतो.

प्लास्टिकची लाइन

प्लास्टिकमधून वीज जात नाही, मग त्यावर क्रोम कसं? गाडीचं बोधचिन्ह, शॉवरची दांडी, मिक्सरची चकती हे बहुतेक एबीएस प्लास्टिक असतं. त्यात रबरासारखे ब्युटाडाइनचे अतिसूक्ष्म गोळे असतात. क्रोमिक आणि सल्फ्युरिक अॅसिडच्या ६५ ते ७० अंशांच्या मिश्रणात जॉब काही मिनिटं ठेवला की हे गोळे खाल्ले जातात आणि पृष्ठभागावर खळगे पडतात. नंतरचा धातू त्या खळग्यांत पकड घेतो. चकचकीत जॉब इथून मंद होऊन बाहेर आला पाहिजे. तो अजून चमकत असेल तर पुढं पाठवण्यात अर्थ नाही.

मग उरलेलं क्रोम मारायचं, म्हणजे सोडियम बायसल्फाइटच्या टाकीत न्यूट्रल करायचं. हे नीट झालं नाही तर पुढची पॅलेडियमची टाकी बिघडते, आणि पॅलेडियम किती महाग आहे ते मालकाला विचारा. पॅलेडियम-कथिलाच्या टाकीतून सूक्ष्म कण पृष्ठभागावर बसतात, पुढच्या टाकीत वरचं कथिल काढतात, आणि मग विजेशिवाय, नुसत्या रासायनिक क्रियेनं निकेल बसतं. करडा रंग एकसारखा आला की हा जॉब वीज वाहू लागतो. नंतर तांबं, निकेल, क्रोम.

पहिल्या तांब्या-निकेलला करंट हळूहळू चढवायचा. खालचा थर अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतो. एकदम पूर्ण करंट दिला तर हुकापाशीच जळतो आणि जॉब तिथं उघडा पडतो. उघड्या हातानं जॉब धरू नका, बोटाचा ठसा शेवटपर्यंत उमटतो. आणि तापमान वाढवून वेळ वाचवू नका. एबीएस शंभर अंशांच्या जवळ गेलं की मऊ पडतं आणि जॉबचा आकार जातो.

अंग सांभाळायचं

हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण टाक्या कळल्याशिवाय धोका कळत नाही.

अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये नाही. डोळ्यात उडालं तर नळाखाली निदान १५ मिनिटं, पापणी उघडी धरून, आणि मग दवाखाना. डोळ्यासाठी कॉस्टिक सोडा हा अॅसिडपेक्षा वाईट, कारण ते आत-आत जात राहतं. नळ कुठं आहे हे पहिल्याच दिवशी डोळे मिटून गाठून बघा.

सायनाइड आणि अॅसिड एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि माणूस मिनिटांत जातो. त्याचा कडू बदामासारखा वास सगळ्यांना येतोच असं नाही, म्हणून वासावर विसंबू नका. दोन्हींच्या बादल्या वेगळ्या, गटारी वेगळ्या, ठेवायच्या खोल्या वेगळ्या. घराच्या माळ्यावर चांदी-सोन्याचं पाणी चढवायचं छोटं काम घेणाऱ्यांनाही हेच सांगतो: पोराबाळांच्या घरात हे काम नको.

हायड्रोफ्लुओरिक अॅसिडची भाजणी फसवी असते. पातळ अॅसिड असेल तर दुखायला तासनतास लागतात, तोवर ते हाडापर्यंत गेलेलं असतं. ते वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल शॉपच्या पेटीत असलंच पाहिजे.

क्रोमच्या तुषारानं हातावर बारीक, खोल व्रण पडतात, नाकाचा पडदा फाटतो, आणि हेक्झाव्हॅलंट क्रोममुळं फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. क्रोमचे व्रण कायद्यानं कळवण्याजोग्या आजारांत आहेत. नाकातून सारखं रक्त येत असेल तर "उष्णता झाली" म्हणून ताक पीत बसू नका, डॉक्टरला क्रोमचं काम सांगा. निकेलनं काहींच्या हाताला खाज सुटते, ती वाढतच जाते, अशांनी दुसरी लाइन मागून घ्यावी.

डबा, वडापाव, तंबाखू, काहीही लाइनवर नको. कोपरापर्यंत हात धुवून मगच खा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

सांडपाणी

प्लेटिंग हा प्रदूषण मंडळाच्या लाल, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या, वर्गातला धंदा आहे, आणि आपलं पाणी शेवटी पंचगंगेकडंच जातं. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) वेगळा माणूस बघत असला तरी त्याचं काम सोपं-अवघड करणं ऑपरेटरच्या हातात असतं. क्रोमचं पाणी वेगळं: पीएच २ ते ३ वर मेटाबायसल्फाइट घालून हेक्झाव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करतात, मग चुन्यानं पीएच ८-९ ला नेऊन गाळ बसवतात. सायनाइडचं पाणी वेगळं: तिथं उलट पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइट. एकाला आंबट हवं, दुसऱ्याला खारं. दोन्ही एका गटारीत सोडली तर काय होईल ते वर सांगितलंच आहे. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे सांडलेला एक मग क्रोमिकही लहान गोष्ट नाही. गाळ घातक कचऱ्यात जातो, भंगारवाल्याला द्यायचा नसतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. सखल भागातल्या शॉपमध्ये असाल तर जुलैच्या आधी अॅसिडचे कॅन आणि सायनाइडचे डबे उंच फळीवर गेलेत का ते स्वतः बघा.

पाळी सोडताना

रजिस्टरला लॉट, अँपिअर, वेळ, तापमान, घातलेली रसायनं लिहा. पुढच्याला तोंडी पण सांगा, विशेषतः काही बिघडत असेल तर. चुंबक फिरवा, तुटके जिग वेगळे ठेवा, बसबार ओल्या नाहीत ना बघा.

दिवाळी किंवा यात्रेची दोन-तीन दिवसांची सुट्टी असेल तर अॅसिड झिंकच्या टाकीतले जस्ताचे अॅनोड वर काढून धुवून ठेवतात. करंट नसतानाही ते अॅसिडमध्ये विरघळत राहतात आणि टाकीतलं जस्त वाढत जातं. काढले असतील तर रजिस्टरला मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नाहीतर सुट्टीनंतर पहिल्या पाळीला आलेला माणूस जिग टाकीत सोडून, रेक्टिफायर चालू करून, अँपिअर का चढत नाहीत म्हणून तासभर वायरी तपासत बसेल.